घाटाची राखण कोणाकडे? कर्जत-खालापूरकडील बंदोबस्ताचा पूर्वेतिहास

संघराज्यांत पोलीस मध्यवर्ती सत्तेचे असावेत कीं घटक-राज्यांचे, हा वाद अलीकडे पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत निकरानें चालल्याचें वाचकांच्या पाहण्यांत असेल. तेथील १९९९ च्या राज्यघटनेनें सर्व देश मिळून एकच पोलीसदल नेमलें, व देशाच्या कोणत्याही भागासाठीं दुसरें दल उभारण्याची मनाई केली. घटक-राज्यें ३६. प्रत्येकाचा गव्हर्नर लोकांनीं निवडून दिलेला. परंतु त्याच्या राज्यांतला पोलीस-कमिशनर त्याचा ताबेदार नव्हे. बंदोबस्तासाठीं गव्हर्नरानें हुकूम केला तरी 'हें प्रकरण आधीं राष्ट्राध्यक्षांकडे जाऊं द्या' असें म्हणून थांबण्याची मुभा त्या कमिशनरास घटनेच्याच कलमानें मिळाली. दरोडा एकाच्या मुलखांत, शिपाई दुसऱ्याचे. यावरून तेथें जें रण माजलें त्याचे तपशील देण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं हा प्रश्न आमच्याकडे दोनशें वर्षांपूर्वींच उठून गेला आहे. त्याचीं उत्तरें एका नव्हे, चार-पांच तऱ्हांनीं देऊन पाहण्यांत आलीं. आणि त्यांपैकीं बऱ्याच तऱ्हांची परीक्षा ज्या एका चिंचोळ्या पट्ट्यांत पाहावयास मिळते तो पट्टा म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे दोन तालुके. त्याविषयींचा जो पुरावा प्रसिद्ध आहे तो एके ठिकाणीं मांडावा, आणि जो अप्रसिद्ध आहे तो ज्यांच्या घरीं असेल त्यांस जागें करावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. हे दोन तालुके म्हणजे सह्याद्रीची उतरंड आणि तिच्या तळाशीं उल्हास व पाताळगंगा यांचीं खोरीं. पेशवाईंत हा मुलूख कल्याण प्रांताकडे मोडे. तर्फांचीं जुनीं नांवें अद्याप गांवांच्या नांवांस चिकटून राहिलीं आहेत: तर्फ वासरे, तर्फ वरेडी, तर्फ बोरेटी, तर्फ कोतल खलाटी. यांतलें शेवटचें नांव आम्हांस मोठें बोलकें वाटतें. खलाटी म्हणजे घाटाखालची सपाटी हें सर्वांस ठाऊक आहे; कोतल या फारसी शब्दाचा अर्थ डोंगरांतली खिंड असा आहे. कोणी या नांवाचा संबंध जवळच्या कोथळीगडाशीं लावील, आणि तेंही अशक्य नाहीं. आमचा कल मात्र खिंडीकडे आहे. कारण या मुलखाचें सारें जीवितच खिंडींवर होतें. बोरघाट हा राजरस्ता. परंतु त्याच्या उत्तरेस कोलंब्याचा, सावळ्याचा, कुसूरचा आणि पुढें भीमाशंकराकडे चढणाऱ्या वाटांचा असा घाटांचा फणाच आहे. वर राजमाची, खालीं कोथळीगड, भिवगड, पेब, इर्शाळ, माणिकगड असे किल्ले या वाटांवर डोळा ठेवून बसलेले. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाची फौज उंबरखिंडींत कोंडली ती याच तालुक्यांत. पुढें नाना फडणिसांनीं घाट चढण्यापूर्वींच्या मुक्कामाचें ठिकाण म्हणून प्रसिद्ध असलेल्या खोपोलीस मोठा तलाव व महादेवाचें देवालय बांधलें. बैलांचे तांडे, यात्रेकरू, हुंडीवाले सावकारांचे जासूद, कोंकणचें मीठ आणि देशावरचें धान्य, हें सर्व ज्या नळींतून जात असे तिच्या तोंडाशीं चोरास काय कमी?

ही नळी राखण्याची जुनी रीत कोणती होती, हें आतां पाहूं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ त जो विस्तृत अहवाल लिहिला, त्यांतील पोलीस-प्रकरण प्रत्येक संशोधकानें मुळांतून वाचण्यासारखें आहे. तो अहवाल मुख्यत्वें घाटमाथ्याचा, कोंकणाचा नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे; तथापि गांवगाड्याची रचना दोहोंकडे पुष्कळ अंशीं सारखी असल्यामुळें त्याचा आधार घेण्यास हरकत नाहीं. गांवच्या बंदोबस्ताचा धनी पाटील. त्याच्या हाताशीं कुळकर्णी व चौगुला. आणि प्रत्यक्ष राखणीस महार, कोठें रामोशी, कोठें भिल्ल वा कोळी. परका माणूस गांवांत उतरला कीं त्याची वर्दी पाटलास देणें, रात्रीं फिरणें, सीमेच्या खुणा ठाऊक असणें, हीं राखणदाराचीं कामें. चोरी झाली तर त्यानें माल परत आणावा, नाहीं तर माग काढावा.

हा माग म्हणजे केवळ पावलांचे ठसे नव्हेत. ती एक कायद्याची संस्थाच होती. राखणदार ठशांवरून चोराचा माग घेत आपल्या शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गांवच्या हद्दींत शिरला असें त्या गांवच्या राखणदारास पटवून दिलें, कीं पहिल्याची जबाबदारी संपली व दुसऱ्याची लागली. असें करतां करतां ज्या गांवांत माग खुंटे, त्या गांवानें चोर द्यावा किंवा गेल्या मालाची भरपाई करावी. यांतील खुबी वाचकांच्या लक्षांत आलीच असेल. कोणत्याही गांवास दुसऱ्या गांवच्या चोरीकडे कानाडोळा करणें परवडत नसे, कारण आज ज्याच्या शिवेवर माग आणून सोडला तोच उद्यां आपल्या शिवेवर आणून सोडणार. सर्व मुलखाची मिळून एक फौज नव्हती. परंतु माग मात्र सर्व मुलखांतून अखंड चाले.

कोंकणांत या पद्धतीस एक अडचण होती, ती लिहून ठेवणाऱ्या साहेबांस देशावर बसून सुचली नसावी. पावसाळ्याचे चार महिने इकडे ठसा घटकाभरही टिकत नाहीं; आणि उन्हाळ्यांत घाटाच्या वाटा कातळावरून जातात, तेथें पाऊल उमटतच नाहीं. म्हणून घाटाखालीं मागापेक्षां नाक्याचें महत्त्व अधिक असलें पाहिजे असा आमचा तर्क आहे. चोर कोणत्या गांवांतून गेला हें न कळलें तरी तो कोणत्या तरी घाटानेंच वर चढणार किंवा खालीं उतरणार. आणि घाट तर महादेव कोळ्यांच्या हातीं होते. क्याप्टन मॅकिंटॉश यानें या कोळ्यांविषयीं जें लिहून ठेविलें त्यावरून, त्यांच्या नाईकवाड्या, सर्वांवरचा सरनाईक, किल्ल्यांच्या मेटांवर व घाटांच्या तोंडाशीं त्यांच्या नेमणुका, व त्याबद्दल त्यांस चालणारीं वेतनें, हें सर्व नीट बांधलेलें दिसतें. आज ज्यास आपण स्थानिक पोलीस म्हणूं तो हाच. तो सरकारनें भरती करून बाहेरून आणून ठेविलेला नव्हता. डोंगर ज्याचा, त्यासच सरकारनें डोंगराची राखण लावून दिली होती.

त्यांच्यावर देखरेख मामलेदाराची. त्याच्याजवळ शिबंदी असे. मोठा दंगा झाला तर ती गांवकऱ्यांच्या मदतीस जाई. याप्रमाणें गांव, घाट व मामला अशा तीन पायऱ्यांवर बंदोबस्त उभा होता, आणि वसूल जमा करणारा व चोरीबद्दल जाब देणारा हा एकच इसम होता. वसूल बुडूं नये म्हणून तरी त्यास गांवें राखावीं लागत.

दुसऱ्या बाजीरावानें या रचनेंत जो फेरफार केला तोच आमच्या विषयाचा गाभा होय, आणि आश्चर्य हें कीं त्याकडे आमच्या लेखकांनीं जावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं. त्यानें तपासनवीस या नांवाचे नवे कामगार नेमले. गुन्हेगार हुडकून काढणें व धरणें एवढेंच त्यांचें काम. त्यांचीं क्षेत्रें मामलेदारांच्या क्षेत्रांहून अगदीं निराळीं व स्वतंत्र. त्यांच्यापाशीं स्वार व प्यादे यांची स्वतंत्र टोळी. आणि ते मामलेदारास जुमानीत नसत. हें मध्यवर्ती पोलीसदलच नव्हे काय? कागदावर ही कल्पना वाईट नाहीं. मामल्यांच्या हद्दी चोर मानीत नाहींत, मग चोर धरणाऱ्यानें तरी कां मानाव्या, असें ती काढणाराच्या मनांत आलें असेल. परंतु परिणाम उलटा झाला. एल्फिन्स्टन लिहितो कीं हे तपासनवीस खोटे आळ घालून पैसे उकळीत, व भिल्ल-रामोशांच्या दरोड्यांकडे वांटा घेऊन डोळेझांक करीत, असा त्यांच्यावर बोभाटा होता. आमच्या मतें याचें कारण माणसांच्या स्वभावांत शोधण्याची गरज नाहीं. तें रचनेंतच आहे. गांवच्या चोरीची भरपाई तपासनविसास द्यावी लागत नव्हती. वसूल बुडाला तर त्याचें कांहीं जात नव्हतें. ज्या मामलेदाराचें जात होतें, त्याच्या हातून तपास काढून घेतलेला. ज्याला शिक्षा करण्याचा अधिकार आहे पण नुकसानीचा वांटा नाहीं, असा अधिकारी गांवांत आला म्हणजे चोर व तो या दोघांपैकीं अधिक महाग कोण, हाच विचार गांवकऱ्यांस पडतो.

इंग्रज ग्रंथकारानें जिंकलेल्या राजाची निंदा केली ती जशीच्या तशी कां घ्यावी, असा आक्षेप येथें कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच अहवालांत त्यानें पुण्याच्या कोतवालीची स्तुति केली आहे, हेंही पाहिलें पाहिजे. कोतवालाकडील शिपाई, स्वार व रामोशी यांवर दरमहा नऊ हजार रुपये खर्च होत, आणि नोकरी सुटलेल्या शिपायांची एवढी गर्दी असलेल्या शहरांत खून-दरोडे क्वचितच ऐकूं येत, असें तो नमूद करतो. निंदाच करावयाची असती तर ती येथेंही करतां आली असती.

पण कोतवालीचें नांव निघालें कीं घाशीरामाचें नांव निघणारच. ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं पुण्यांत जमावानें त्यास दगडांनीं ठेंचून मारलें. त्याच्या हुकमानें कोंडलेले तैलंगी ब्राह्मण कोठडींत गुदमरून मेले, हें निमित्त. स्थानिक सत्ता तेवढी चांगली आणि मध्यवर्ती तेवढी वाईट, असा सोपा निकाल आम्हांस काढावयाचा नाहीं, म्हणून ही आठवण द्यावी लागते. घाशीराम एका शहराचाच अधिकारी होता. त्याची कचेरी लोकांच्या दाराशीं होती. दाराशीं असूनही दाद लागेना, म्हणून लोक शेवटीं नानांच्या दाराशीं गेले.

आतां पुनः घाटाखालीं येऊं. १३ जून १८१७ च्या पुणें येथील तहानें उत्तर कोंकण इंग्रजांकडे गेलें. घाटमाथा त्यानंतर लढाईनें गेला. यामुळें झालें असें कीं खालचा मुलूख मुंबई सरकारच्या हाताखालीं, आणि वरचा कांहीं काळ एल्फिन्स्टन या कमिशनरच्या हाताखालीं. पुढें दोन्ही एकाच इलाख्यांत आले, तरी जिल्हे दोन राहिले: खालीं ठाणें, वर पुणें. पूर्वीं जो घाट एकाच कोळी नाइकाच्या नजरेंत दोन्ही टोंकांनीं असे, तो आतां मधोमध चिरला गेला. किल्ल्यांवरच्या नेमणुका गेल्या, मेटें उठलीं, वेतनें कमी झालीं किंवा बंद पडलीं. राखणदार बेकार झाला. त्याला वाटा मात्र सर्व ठाऊक.

पुढच्या तीस वर्षांचा इतिहास याच वाक्याचा विस्तार आहे. उमाजी नाईकाचें घराणें पुरंदरच्या रखवालीवरचें. १८२७ त तो व त्याचे साथी कर्जत-खालापूरच्या पश्चिम शिवेवरच्या प्रबळगडावर येऊन बसले, आणि आसपासच्या गांवांस त्यांनीं जाहीर केलें कीं सरकारी धारा इंग्रजांस न देतां आम्हांस द्यावा. हा निव्वळ दरोडा नव्हे. ज्याच्याकडे राखण, त्याला वसुलाचा वांटा, हा जुना न्यायच तो उलट टोंकानें सांगत होता. सरकारनेंही तो न्याय एका परीनें मान्य केला: १८२८ त उमाजीस माफी देऊन वेतन व जमीन लावून दिली, आणि बंदोबस्ताचेंच काम त्याजकडे सोंपविलें. हें फार दिवस टिकलें नाहीं. १८३१ च्या अखेरीस तो पकडला गेला व ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशीं गेला. त्याच सुमारास महादेव कोळ्यांचेंही बंड झालें. १८४४ नंतर राघोजी भांगऱ्यानें नगर, नाशिक, पुणें व ठाणें या चारही बाजूंच्या डोंगरांत जी धामधूम केली ती सर्वांस ठाऊक आहे. एका जिल्ह्यांत पाठलाग सुरू झाला कीं दुसऱ्यांत उतरावें, हें त्याचें मुख्य बळ. २ जानेवारी १८४८ रोजीं तो पंढरपुरास, म्हणजे आपल्या डोंगरांपासून फार दूर, लेफ्टनंट गेलच्या हातीं सांपडला. डोंगरांत सांपडला नाहीं. २ मे १८४८ रोजीं त्यास ठाण्यास फांशी झाली.

१८२७ च्या नियमांनीं पाटलाकडे गांवचा बंदोबस्त ठेविला होता व कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट होता. राघोजीच्या फांशीपूर्वींच, १८४७ त, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क सिंधेंत जाऊन आले, व नेपियरनें आयर्लंडच्या धर्तीवर उभारलेलें तेथील दल त्यांच्या मनांत भरलें. १८५३ च्या सुमारास त्या धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यास पोलीस सुपरिंटेंडेंट आला. १८६७ त दोन कायदे एकाच वर्षीं झाले, एक जिल्हा-पोलिसांचा व एक गांव-पोलिसांचा. आणि ही जोडी फार अर्थपूर्ण आहे. पगारी दल वर, वतनी राखण खालीं. पाटलास व महारास कामावरून दूर केलें नाहीं. त्यांच्यावरचें ओझेंही उतरलें नाहीं. परंतु त्यांच्या हातचें शस्त्र व निर्णय मात्र वर गेला. मधल्या काळांत, १८५७ च्या अखेरीस, क्याप्टन नटॉल यानें सुमारें सहाशें कोळ्यांची जी पलटण उभारली ती १८६१ त मोडली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे नांगराकडे. गरज पडली कीं डोंगरवाल्यास राखणीस बोलवावें आणि गरज सरली कीं घरीं धाडावें, ही चाल तेव्हांपासूनची.

येथें उलट बाजूचाही एक पुरावा आहे, तो दडविणें बरें नव्हे. बोरघाटांतील रेल्वेचें काम १८५६ त सुरू झालें. १८६१ च्या आरंभीं त्या घाटावर ४२,००० मजूर होते असा आंकडा मिळतो. म्हणजे एका उतरणीवर एक शहरच. १८५९ च्या आरंभीं थकलेल्या मजुरीवरून तेथें मोठी दंगल झाली व त्याच वर्षीं मूळ मक्तेदार फॅविएल यानें काम सोडलें. अशा वस्तीस पाटलाची काठी आणि कोळ्याचा नाका काय पुरणार? मजूर परमुलखाचे, मक्तेदार साहेब, गांवाशीं कोणाचेंच नातें नाहीं. तेथें बाहेरचा मॅजिस्ट्रेट व बाहेरचे शिपाई हवेच होते. आणि केवळ शिपाई पुरले नाहींत म्हणून मालक-मजुरांच्या तंट्यांसाठीं १८६० चा नववा कायदाही करावा लागला. रेल्वे १८६३ त खुली झाली, मजूर पांगले, परंतु लोहमार्गाचे पोलीस निराळे हा प्रकार कायमचा राहिला. कर्जत स्टेशनाच्या फलाटावर एक ठाणें, बाहेर गांवांत दुसरें; फलाटावरून उडी मारून रस्त्यावर आलेला खिसेकापू हद्द बदलतो हें त्या गांवच्या पोरासही ठाऊक असतें.

१८९१ त कर्जत तालुका ठाणें जिल्ह्यांतून कुलाबा जिल्ह्याकडे गेला. खालापूर तेव्हां त्याचाच पेटा होता. ठाण्यास रेल्वे होती. अलिबागेस जावयाचें तर वाटेंत धरमतरची खाडी. पोलीस सुपरिंटेंडेंट नकाशावर जवळ आला कीं नाहीं कोण जाणे, वाटेनें तरी दूरच गेला. शिवाय खालापुराच्या दक्षिणेस लागून सुधागड तालुका, तो भोरच्या पंतसचिवांचा. तेथें संस्थानचे पोलीस, संस्थानचा न्याय. खोपोली-पालीच्या रस्त्यानें चार कोस गेलें कीं ब्रिटिश शिपायाचा अधिकार संपे, आणि आरोपी मागून आणण्यासाठीं पोलिटिकल एजंटाच्या कचेरीचा फेरा पडे. ज्यास 'स्वतःचे पोलीस असलेलें घटक-राज्य' म्हणतां येईल असा नमुना या भागांत ८ मार्च १९४८ पर्यंत, म्हणजे भोर विलीन होईपर्यंत, डोळ्यांसमोर होता. तेथें चोर सुखी होते कीं प्रजा, याचा निर्णय संस्थानी दप्तर तपासल्यावांचून करूं नये. माग मात्र शिवेवर थांबत होता, हें निश्चित. जुन्या रीतींत माग शिवेवर हातीं दिला जाई. नव्या रीतींत तो शिवेवर अर्ज होऊन बसे.

१९३५ च्या कायद्यानें पोलीस हा विषय प्रांतांच्या यादींत घातला, व १९३७ त मुंबई इलाख्यांत निवडून आलेलें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. गृहखातें कन्हैयालाल मुन्शी यांजकडे. प्रांताचे पोलीस प्रथमच प्रांताच्या लोकप्रतिनिधींस जबाबदार झाले. नोव्हेंबर १९३९ त मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि ९३ व्या कलमान्वयें सर्व अधिकार गव्हर्नराच्या हातीं गेला. पोलीस प्रांताचेच राहिले, नांव तेंच, टोपी तीच. जाब विचारणारें सभागृह तेवढें उरलें नाहीं. माथेरानचे वकील भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनीं १९४२ च्या चळवळींत कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत आझाद दस्ता उभारला. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलीस-अधिकारी हॉल याच्या तुकडीनें त्यांस व मानिवलीच्या हिराजी गोमाजी पाटलांस ठार केलें. कोतवाल आणि पाटील! बंदोबस्ताच्या दोन जुन्या हुद्द्यांचीं आडनांवें धारण करणारे दोन पुरुष बंदोबस्ताच्या बंदुकीनें पडले, हें नियतीचें काय म्हणावें. त्याच वर्षांत सामुदायिक दंडाचा वटहुकूम निघाला होता. त्या वटहुकुमांत व जुन्या मागाच्या भरपाईंत वरवर साम्य आहे, म्हणून कांहीं इंग्रज लेखक या दंडास देशी रिवाज म्हणत असत. तें साम्य खोटें आहे. जुन्या रीतींत गांव भरपाई देई, कारण राखण गांवाची होती. येथें राखण दुसऱ्याची आणि दंड गांवाचा.

जुनी रीत सोन्याची होती असेंही कोणी समजूं नये. तिचा भार कोणावर पडे हें पाहिलें म्हणजे पुरे. माग खुंटला कीं पाटील सुटे, महार धरला जाई. रात्रंदिवस राबण्याबद्दल त्यास मिळे तें तुटपुंजें बलुतें व वतनाचा तुकडा. आणि हें काम नको म्हणण्याची सोय नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ त मुंबई कौन्सिलांत १८७४ च्या वतन-कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें तें याचसाठीं. वतन अखेर १९५८ च्या कायद्यानें गेलें, वंशपरंपरेची पाटिलकी १९६२ त गेली, आणि १९६७ च्या अधिनियमानें पोलीस पाटील हा सरकारनें नेमलेला, मानधन घेणारा कामगार झाला. ज्यांच्या खांद्यावर ती राखण उभी होती त्यांची सुटका झाली, हें उत्तम झालें. त्यांच्या जागीं गांवाचा म्हणून जो जबाबदार माणूस यावयाचा, तो मात्र आलाच नाहीं.

१९५० च्या राज्यघटनेनें पोलीस हा विषय राज्यांकडेच ठेविला, आणि आमच्या समजुतीनें तें शहाणपणाचें झालें. मध्यवर्ती सरकारचीं दलेंही वाढत गेलीं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तीं राज्यांत नेमण्याचा विषय संघाच्या यादींत स्पष्टपणें घातला. राज्याचे पोलीस राज्यकर्त्यांचे घरगडी होऊं नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयास २००६ त प्रकाशसिंग खटल्यांत आदेश द्यावे लागले, यावरून घाशीरामाचा प्रश्नही जुना झालेला नाहीं हें दिसतें. नायजेरियांतल्या लोकांची भीति तीच आहे, आणि ती निराधार नव्हे. तेथें १९६६ पूर्वीं उत्तरेंत व पश्चिमेंत स्थानिक सत्तांचे पोलीस होते. ते विरोधी पक्षाच्या लोकांस छळण्याकडे वापरले गेले, म्हणूनच लष्करी राजवटींत मोडले. उलट मध्यवर्ती दल खेड्यापर्यंत पोंचेना, म्हणून जानेवारी २०२० त नैर्ऋत्येकडील सहा राज्यांनीं 'अमोटेकुन', म्हणजे चित्ता, या नांवाचीं राखणदलें काढलीं. मामलेदाराच्या मुलखांत तपासनवीस, आणि तपासनविसास कंटाळून पुनः नाईकवाडी! पोलीस कोणाचे, यापेक्षां चोरी झाली तर घरचें कोणाचें जाणार, हा प्रश्न आधीं सोडविला असता तर तेथें काय आणि येथें काय, बरीच चर्चा वांचली असती, असें आम्हांस वाटतें.

राहतां राहिला कागदांचा विषय, आणि आमच्या वाचकांकडून कामाची अपेक्षा आहे ती येथेंच. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या रोजनिश्या व सरदेसायांनीं संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड हे पुण्याच्या बाजूनें लिहिलेले कागद आहेत. हुकूम सुटला तो त्यांत दिसतो, घाटाखालीं त्याचें काय झालें तें दिसत नाहीं. तें दिसेल गांवच्या दप्तरांत: चोरीच्या वर्दीचीं पत्रें, शिवेवर माग हातीं दिल्याचे कागद, राखणदारांचे जामीनकतबे व मुचलके, नाईकवाड्यांच्या हक्कांच्या याद्या, घाटावरच्या चौकीचे हिशेब. विशेषतः तपासनविसाची नेमणूक घाटाखालीं कधीं झाली होती काय, याचा उलगडा एका साध्या मोडी चिठ्ठीनेंही होईल. या दोन तालुक्यांतल्या देशमुख, देशपांडे, पाटील घराण्यांकडे, तसेंच घाटपांडे हें उपनांव चालविणाऱ्या घरांकडे असे रुमाल असण्याचा संभव आहे. कोळी नाइकांच्या वाड्यांकडे तर आजवर कोणी कागद मागावयास फारसें गेलेलेंच नाहीं. आम्ही एके घरीं असे गेलों तेव्हां माळ्यावरची पेटी आदल्या दिवाळींत साफसफाईच्या वेळीं रद्दीवाल्यास गेल्याचें कळलें. पेटी मात्र ठेवून घेतली होती, तिला पितळी कड्या होत्या म्हणून. ज्यांच्यापाशीं असे कागद असतील त्यांनीं ते देऊं नयेत, विकूंही नयेत. फक्त वाचूं द्यावे व त्यांची नक्कल करूं द्यावी. पावसाळ्यापूर्वीं कळविल्यास बरें, कारण कुसूर व सावळ्याच्या बाजूचीं गांवें त्यानंतर चार महिने आमच्यासारख्यांच्या पायांस दाद देत नाहींत.